मोहोर आणि माल : सॉफ्टवेअरवरील डिजिटल स्वाक्षरीची पडताळणी कोठे उणी पडते

2025 च्या ऑगस्ट महिन्यात हिंगोली जिल्ह्यातील एका शासकीय कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी क्रमांकावरून लग्नाचे निमंत्रण आले. सोबतची फाइल वरवर पाहता निमंत्रणपत्रिकाच वाटत होती. प्रत्यक्षात ती एपीके, म्हणजे अँड्रॉइड मोबाइलवर अ‍ॅप बसविणारी फाइल होती. ती उघडल्यानंतर त्यांच्या बँक खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये काढले गेले. वाहतूक दंडाचे चलान, पीएम किसानचा हप्ता, बँकेची केवायसी, थकीत वीजबिल अशा नावांनी याच जातीच्या फायली राज्यभर फिरत आहेत. धानाच्या चुकाऱ्याचे पैसे, मुलाची शिष्यवृत्ती आणि आईचे निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होते, त्या खात्याची चावी आज मोबाइलमध्ये असते. म्हणून हा प्रश्न संगणक तज्ज्ञांपुरता उरलेला नाही.

अशा घटनांची चर्चा बहुधा फसलेल्या माणसाच्या भोळेपणावर येऊन थांबते. एक महत्त्वाची गोष्ट मात्र चर्चेत येत नाही. अँड्रॉइड प्रणाली स्वाक्षरी नसलेले अ‍ॅप मुळी बसवूनच घेत नाही. म्हणजे मोबाइलवर बसलेल्या प्रत्येक बनावट अ‍ॅपवरही डिजिटल स्वाक्षरी असते, मोबाइलने ती तपासलेली असते आणि ती नियमाप्रमाणे बरोबरही ठरलेली असते. तरीही घात होतो. असे का व्हावे, स्वाक्षरीची पडताळणी नेमके काय सांगते आणि ती कोणत्या ठिकाणी उणी पडते, हे सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

स्वाक्षरी म्हणजे काय?

फुलचूर-गोंदियाच्या वाचकाला लाख सांगावी लागत नाही. आपल्या भागातील पळसावर व कुसुमावर लाख तयार होते आणि गोंदियाच्या बाजारपेठेने तिचा व्यापार पाहिला आहे. टपालाचे विमा पाकीट असो की निवडणुकीनंतर मतदान यंत्रे ठेवलेल्या खोलीचे कुलूप असो, त्यावर वितळलेली लाख ओतून मोहोर उठवली जाते. या मोहोरेतून दोन गोष्टी कळतात. लाख अखंड असेल तर मधल्या वाटेत कोणी उघडलेले नाही, आणि ठसा ओळखीचा असेल तर ती अमुक अधिकाऱ्याने उठविलेली आहे. पाकिटात काय भरले आहे, हे मोहोर सांगत नाही.

डिजिटल स्वाक्षरीचे कार्यही हेच. प्रथम संपूर्ण फाइलवर गणिती प्रक्रिया करून तिचा एक छोटा ठसा काढला जातो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. आज प्रचलित असलेल्या एसएचए-256 या पद्धतीत फाइल कितीही मोठी असली तरी ठसा 64 चिन्हांत लिहिता येतो, आणि मूळ फाइलमधील एक अक्षर जरी बदलले तरी तो पूर्णपणे बदलतो. स्वाक्षरी करणाऱ्याजवळ किल्ल्यांची जोडी असते. त्यांतील खासगी किल्ली तो स्वतःजवळ गुप्त ठेवतो व तिच्या साहाय्याने त्या ठशावर स्वाक्षरी करतो. दुसरी, सार्वजनिक किल्ली सर्वांना दिलेली असते. तिच्या साहाय्याने कोणीही ती स्वाक्षरी तपासू शकतो, परंतु नवी करू शकत नाही. गणिताचा हा भाग आज भक्कम आहे. त्या गणिताभोवती माणसांनी जी व्यवस्था उभी केली आहे, उणिवा प्रामुख्याने तिच्यात निघतात.

पहिली उणीव : मोहोर कोणाची?

शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्यावरील स्वाक्षरीमागे एक साखळी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 अन्वये केंद्र शासनाने ‘प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक’ हे पद निर्माण केले. नियंत्रक प्रमाणन संस्थांना परवाना देतो, त्या संस्था व्यक्तीची ओळख तपासून तिला प्रमाणपत्र देतात आणि मग त्या व्यक्तीच्या स्वाक्षरीला कायद्याने मान्यता मिळते.

अँड्रॉइड अ‍ॅपच्या स्वाक्षरीमागे अशी साखळी नाही. अ‍ॅप तयार करणारा आपल्या संगणकावर काही मिनिटांत स्वतःच किल्ल्यांची जोडी बनवतो, स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देतो आणि त्यात हवे ते नाव लिहितो. एखाद्या बँकेचे नाव त्याने तेथे लिहिले तरी मोबाइल त्याला अडवत नाही. नवे अ‍ॅप बसविताना मोबाइल एवढेच पाहतो, की फाइल स्वाक्षरीनंतर बदललेली नाही. पुढे त्याच अ‍ॅपची सुधारित आवृत्ती आली, तर ती त्याच किल्लीने किंवा त्या किल्लीने अधिकृतपणे नेमलेल्या नव्या किल्लीने स्वाक्षरी केलेली आहे का, हे तो पाहतो. तुमच्या मोबाइलमधील खऱ्या बँक अ‍ॅपवर परक्याची आवृत्ती चढू नये यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु अनोळखी माणसाने पाठवलेले अनोळखी अ‍ॅप पहिल्यांदाच बसवताना तिचा काही उपयोग नसतो. हिंगोलीच्या घटनेसारख्या फसवणुकीचे मूळ येथे आहे.

साखळी असली म्हणजे सारे सुरक्षित झाले, असेही समजू नये. 2014 च्या जुलै महिन्यात गूगलला असे आढळले, की आपल्या देशाच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या अखत्यारीतील प्रमाणपत्रांखाली गूगलच्या काही संकेतस्थळांच्या नावाने अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. ही प्रमाणपत्रे संकेतस्थळांची ओळख पटविणारी होती, परंतु विश्वासाची साखळी तीच होती. नियंत्रकांना विंडोज प्रणालीत विश्वासार्ह मानलेले असल्यामुळे त्या बनावट प्रमाणपत्रांनाही विंडोजवरील अनेक ब्राउझरांनी खरे मानले असते. नियंत्रकांनी एनआयसीची ती मधली प्रमाणपत्रे दुसऱ्याच दिवशी रद्द केली. प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेतच शिरकाव झाल्याचे चौकशीत पुढे आले. त्यानंतर गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमध्ये भारतीय नियंत्रकांच्या प्रमाणपत्रांना मोजक्या भारतीय संकेतस्थळांपुरतेच ग्राह्य धरले. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढेच असते.

दुसरी उणीव : तपासणी एकाची, वापर दुसऱ्याचा

खाचरातील धान विकताना दलालाला एका पोत्यातील नमुना दाखवावा आणि काट्यावर दुसरेच पोते चढवावे, असा प्रकार सॉफ्टवेअरमध्येही घडला आहे.

एपीके ही वस्तुतः अनेक फायली एकत्र बांधलेली झिप पद्धतीची गाठोडी असते. 2013 च्या जुलै महिन्यात ब्लूबॉक्स या सुरक्षा संस्थेने दाखवून दिले, की या गाठोडीत एकाच नावाच्या दोन फायली ठेवता येतात. स्वाक्षरी तपासणारा भाग त्यांपैकी एक फाइल वाचत असे आणि अ‍ॅप चालविणारा भाग दुसरी. तपासणाऱ्यापुढे मूळ, निर्दोष फाइल येई, आणि चालविली जाई ती घुसडलेली. हा दोष ‘मास्टर की’ या नावाने ओळखला गेला. तो अँड्रॉइड 1.6 पासूनच्या आवृत्त्यांत होता, त्यामुळे त्या काळी वापरात असलेले बहुतेक सर्व अँड्रॉइड मोबाइल त्याच्या कक्षेत येत होते.

2017 च्या डिसेंबरमध्ये उघड झालेला ‘जेनस’ नावाचा दोष याच कुळातला. झिप फाइलची अनुक्रमणिका तिच्या शेवटी असते, म्हणून तपासणारा भाग फाइल मागून वाचू लागे. अ‍ॅपमधील आज्ञावली चालविणारा भाग मात्र फाइलची सुरुवात पाही. फाइलच्या अगदी पुढे परकी आज्ञावली चिकटवली, तर मागून येणाऱ्याला ती दिसत नसे आणि पुढून येणारा तीच चालवत असे. दोन तोंडे असलेल्या रोमन देवतेचे नाव या दोषाला दिले गेले ते यामुळेच.

या दोन्ही दोषांचे कारण एकच होते. जुन्या पद्धतीत गाठोडीतील प्रत्येक फाइलचा ठसा वेगवेगळा घेतला जात असे आणि गाठोडीवर एकसंध मोहोर नसे. 2016 मध्ये अँड्रॉइड 7 सोबत आलेल्या दुसऱ्या स्वाक्षरी पद्धतीत संपूर्ण फाइलवर स्वाक्षरी घेतली जाऊ लागली आणि ही फट बंद झाली. तथापि त्याआधीच्या आवृत्तीचे मोबाइल ही नवी पद्धत जाणतच नाहीत. घरातील जुना मोबाइल आजी-आजोबांना किंवा शाळकरी मुलाला देताना ही बाब ध्यानात ठेवावी, आणि त्यात बँकेचे अ‍ॅप ठेवू नये.

2019 च्या जानेवारीत डेबियन या लिनक्स प्रणालीत सापडलेला दोष आणखी वेगळा होता. तेथे सॉफ्टवेअर आणून देणारा एक मदतनीस कार्यक्रम असतो. तो मुख्य कार्यक्रमाला आणलेल्या फाइलच्या ठशाची माहिती देतो. मधल्या वाटेवरील हल्लेखोर आपल्या उत्तरात काही ओळी घुसडून या मदतनिसाच्या तोंडून खोटा ठसा वदवू शकत असे. मुख्य कार्यक्रम त्या अहवालावर विसंबून राही. स्वाक्षरी खरी, गणित खरे, परंतु तपासनीसाचा अहवालच बनावट, अशी ही अवस्था होती.

तिसरी उणीव : नाव वाचले, सही पाहिली नाही

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गोल शिक्का आणि खाली मुख्याध्यापकांची सही आहे एवढे पाहून कागद पुढे सरकवणे ही कार्यालयांतील नेहमीची रीत. ती सही खरोखर त्या मुख्याध्यापकांचीच आहे का, हे जुळवून पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात.

2014 च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमध्ये असाच दोष उघडकीस आला. त्याला ‘फेक आयडी’ म्हटले गेले. एखाद्या अ‍ॅपचे प्रमाणपत्र सांगत असे, की मला अमुक कंपनीने प्रमाणित केले आहे. अ‍ॅप बसविणारी यंत्रणा ते नाव वाचून मान्य करी. त्या कंपनीच्या किल्लीने खरोखर त्या प्रमाणपत्रावर स्वाक्षरी केली आहे का, हे गणित ती करतच नसे. अडोबीसारख्या काही मोजक्या कंपन्यांच्या अ‍ॅपना अँड्रॉइड विशेष अधिकार देत असे. त्यामुळे केवळ नाव सांगून ते अधिकार बळकावणे शक्य झाले होते.

माणसांच्या पातळीवर हीच उणीव आपण रोज पाहतो. डिजिटल सातबाऱ्यावरील स्वाक्षरी त्या फाइलमध्ये असते. फाइल कागदावर छापली की कागदावर उरते ते स्वाक्षरीचे चित्र. चित्र कोणालाही काढता येते. म्हणून छापील प्रत हाती आली, तर तिच्यावरील पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून मूळ नोंद पाहणे हीच खरी पडताळणी होय. जमिनीचा व्यवहार करताना किंवा त्या कागदावर कर्ज देताना हे दोन मिनिटांचे काम टाळू नये.

चौथी उणीव : खरे, पण शिळे

स्वाक्षरीला काळ कळत नाही. पाच वर्षांपूर्वी स्वाक्षरी केलेले सॉफ्टवेअर आजही स्वाक्षरीच्या दृष्टीने खरेच असते, मग त्यात मधल्या काळात दहा दोष सापडलेले का असेनात.

लिनक्स प्रणालीचे सॉफ्टवेअर जगभरातील ‘मिरर’ सर्व्हरांवरून, म्हणजे मूळ भांडाराच्या प्रतिकृतींवरून वाटले जाते. 2008 मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठातील जस्टिन कॅपोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्यांनी कल्पित व्यवस्थापक व कल्पित कंपनीच्या नावाने भाड्याचा सर्व्हर घेतला आणि मिरर म्हणून नोंदणी मागितली. उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, सेंटओएस आणि डेबियन या पाचही ठिकाणी ती मिळाली. लवकरच हजारो संगणक त्या सर्व्हरकडे सॉफ्टवेअर मागू लागले. संशोधकांनी कोणाचेही नुकसान केले नाही, परंतु धोका स्पष्ट झाला. असा मिरर चालविणाऱ्याला एकही सही खोटी करावी लागत नाही. त्याने जुने, दोष उघड झालेले, पण रीतसर स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअर देत राहावे, किंवा ‘नवे काही आलेले नाही’ एवढेच सांगत राहावे. संगणक समाधानी राहतो आणि दार उघडे राहते.

यावरील उपाय म्हणजे स्वाक्षरीसोबत मुदत घालणे. भांडाराच्या यादीवर ‘अमुक तारखेपर्यंतच ग्राह्य’ अशी नोंद केली, की शिळी यादी संगणक नाकारतो. औषधाच्या पाकिटावर कंपनीच्या नावासोबत मुदत वाचायची सवय आपल्याला आहेच. तीच सवय येथे यंत्राला लावली आहे. अँड्रॉइडही सामान्यतः बसलेल्या अ‍ॅपवर त्याहून जुनी आवृत्ती बसवू देत नाही.

पाचवी उणीव : किल्ली चोरीस गेली, किंवा माल आतूनच नासला

शिक्का साहेबांच्या कपाटातून चोरीला गेला, तर त्याने उठविलेली प्रत्येक मोहोर खरीच दिसणार. 2022 च्या अखेरीस सॅमसंग, एलजी, मीडियाटेक अशा मोठ्या कंपन्यांच्या किल्ल्यांनी स्वाक्षरी केलेली घातक अ‍ॅप्स आढळल्याचे गूगलच्या सुरक्षा विभागाने प्रसिद्ध केले. या किल्ल्या साध्या नव्हत्या. मोबाइलच्या मूळ प्रणालीवर स्वाक्षरी करण्यासाठी त्या वापरल्या जात, म्हणून त्यांनी स्वाक्षरी केलेल्या अ‍ॅपला प्रणालीएवढेच अधिकार मागता येत.

याहून अवघड प्रसंग म्हणजे किल्ली सुरक्षित असूनही तिने नासलेल्या मालावर मोहोर उठणे. अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीच्या ‘ओरायन’ या सॉफ्टवेअरमध्ये हल्लेखोरांनी ते तयार होत असतानाच, म्हणजे स्वाक्षरीच्या आधीच, आपली आज्ञावली मिसळली. त्यानंतर कंपनीने नेहमीप्रमाणे स्वाक्षरी करून 2020 च्या मार्चपासून सुधारित आवृत्त्या पाठवल्या. सुमारे 18 हजार ग्राहकांपर्यंत त्या पोहोचल्या. त्यांत अमेरिकी शासनाचे विभागही होते. डिसेंबरमध्ये फायरआय या सुरक्षा कंपनीला स्वतःच्याच जाळ्यात शिरकाव आढळला, तेव्हा ही गोष्ट उजेडात आली. तोवर प्रत्येक संगणकाने स्वाक्षरी तपासली होती आणि ती प्रत्येक वेळी बरोबर निघाली होती.

मग करावे काय?

या पाच उणिवा सांगितल्या त्या स्वाक्षरीवरील विश्वास उडावा म्हणून नव्हे. स्वाक्षरी नसती तर वाटेतील कोणालाही कोणतीही फाइल बदलता आली असती. आपण स्वाक्षरीला तिच्या आवाक्यातलाच प्रश्न विचारावा आणि उरलेले प्रश्न स्वतः विचारावेत, एवढाच याचा अर्थ.

कुटुंबासाठी काही गोष्टी पुरेशा आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतील, तर ती पत्रिका, पावती किंवा छायाचित्र असूच शकत नाही. ओळखीच्या क्रमांकावरून आली असली तरीही हाच नियम, कारण ज्याचा मोबाइल आधी बळकावला गेला त्याच्याच नावाने पुढच्यांना फायली जातात. अँड्रॉइड 8 पासून मोबाइल अशा वेळी थांबून ‘या स्रोताकडून अ‍ॅप बसवू द्यायचे का’ अशी परवानगी मागतो. हीच ती घडी, जेव्हा स्वाक्षरीने न विचारलेला प्रश्न मोबाइल आपल्याला विचारत असतो. तेथे परवानगी न देता मागे यावे. बँकेचे किंवा शासनाचे अ‍ॅप हवे असल्यास ते प्ले स्टोअरवरून, आणि तेथेही बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरील दुव्याने घ्यावे. लघुसंदेश वाचण्याची किंवा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी अनोळखी अ‍ॅपला कदापि देऊ नये, कारण ओटीपी त्याच वाटेने जातो.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाजेपायी वेळ दवडू नये. 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करावा, बँकेला कळवावे आणि मोबाइलचे इंटरनेट बंद करावे. रक्कम पुढच्या खात्यांतून बाहेर पडण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती गोठवली जाण्याची शक्यता असते. घरातील मुलांनी हा क्रमांक आई-वडिलांच्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवावा.

संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. स्वाक्षरीची किल्ली कार्यालयातील सर्वांच्या संगणकावर ठेवू नये. जी फाइल तपासली, अक्षरशः तीच वापरली जाईल अशी रचना करावी. सॉफ्टवेअरच्या यादीला मुदत घालावी, आणि स्वाक्षरी होण्यापूर्वी एकाहून अधिक डोळ्यांनी बदल पाहिलेले असावेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये गूगलने जाहीर केले, की प्रमाणित अँड्रॉइड मोबाइलवर बसणाऱ्या अ‍ॅपच्या निर्मात्याची ओळख यापुढे तपासली जाईल. सप्टेंबर 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथे आणि त्यानंतर इतर देशांत ही व्यवस्था लागू करण्याचे त्यांनी ठरविले. ‘मोहोर कोणाची’ या पहिल्या प्रश्नाला त्यामुळे काही अंशी उत्तर मिळेल. उरलेल्या चार प्रश्नांची उत्तरे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना व ते वापरणाऱ्यांनाच द्यावी लागतील.

वसतिगृहाच्या शिस्तीत वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी, बचत गटाच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत अर्धा तास काढून एपीके फाइल कशी दिसते हे मोबाइलवर दाखवावे आणि 1930 हा क्रमांक प्रत्येकाकडून नोंदवून घ्यावा. एवढ्यानेही एखाद्या कुटुंबाची वर्षभराची कमाई वाचू शकते.